मोजणीवाल्या मगरे मॅडम

मगरे मॅडमचा विभाग नेमका कशाचा आहे, हे मला आजतागायत नीट कळलेलं नाही. आणि मी कुणी परका माणूस नव्हे. विद्यापीठाच्या जालन्याच्या केंद्रात त्यांच्या शेजारच्या खोलीत मी मराठी शिकवतो. आमच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अशी पातळ, की माझ्या तासाला पलीकडून "पट्टी सरळ धर गं!" ऐकू येतं आणि पुढच्या बाकावरची मुलं उगाच आपापली पट्टी सरळ करतात.

सुरुवातीला त्यांच्या दारावर 'सर्वेक्षण विभाग' अशी पाटी लागली. आठवडाभरात तिथे बायामाणसं यायला लागली. "घरकुलाच्या यादीत आमचं नाव आलंय का बघा की," म्हणत. सर्वे म्हटल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार? मग पाटी बदलून 'भूमापन विभाग' केली. आता मोजणीचे अर्ज घेऊन शेतकरी यायला लागले. भावकीत बांधावरून वाद, कुणी तरी बांध कोरलेला, आणि हे थेट विद्यापीठात. शेवटी 'भूमापन व नकाशाशास्त्र' असं लांबलचक नाव दिलं, तर शहरातले लोक घराचा नकाशा मंजूर करून मिळतो का, ते विचारायला आले. मॅडम प्रत्येकाला खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि योग्य कचेरीचा पत्ता सांगायच्या. निम्मा दिवस त्यातच जायचा.

आत विद्यापीठातही तीच तऱ्हा. विज्ञानवाले म्हणत, यात भूगोल आहे, हा कलेचा विषय. कलावाले म्हणत, यात यंत्रं आहेत, हा विज्ञानाचा. अभियांत्रिकीवाल्यांनी तर ओळखच दाखवली नाही. 'एक ना धड भाराभर चिंध्या' असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्या हसल्या. "चिंध्यांचीच गोधडी होती ना सर," म्हणाल्या, आणि कुठल्या तरी खात्याकडे कुठलं तरी पत्र घेऊन निघून गेल्या.

त्यांचं गाव भोकरदन तालुक्यातलं धावडा. वडील शाळामास्तर. मॅडमचं शिक्षण भूगोलाचं, डॉक्टरेटही त्यातलीच. मोजणी त्या शिकल्या ती प्रशिक्षणांतून, पुस्तकांतून आणि उन्हातून. उंचीने बेताच्या. सुती साडी, पायात पळायचे बूट आणि डोक्यावर क्रिकेटच्या पंचासारखी पांढरी टोपी. ही टोपी त्या खोलीत आल्यावरही काढायला विसरत. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्या कानात काही सांगायला लागल्या तरी शिपाई दारातून "बोलावलं का मॅडम?" म्हणून यायचा.

त्यांची माझी ओळखच मुळी एका शब्दावरून झाली. दारात येऊन म्हणाल्या, "सर, चुकीला मराठीत किती शब्द हायेत?"

मला हुरूप आला. इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. चूक, दोष, त्रुटी, प्रमाद, स्खलन, मी यादी धरली. त्या मान हलवत राहिल्या.

"तसं न्हाई. बघा, पोरानं आकडा उलटा लिहिला, ती एक. आणि कुणी काहीच केलं न्हाई, तरी शेवटी हिशेब जुळत न्हाई, ती दुसरी. पोलादाची टेप उन्हात लांबती. ही चूक कुणाची?"

"उन्हाची," मी म्हणालो.

"उन्हाचे मार्क कसे कापू?"

मी दोन दिवस कोश चाळले, संस्कृतात डुबक्या मारल्या आणि एक भारदस्त शब्द घडवून नेला. त्यांनी तो मोठ्यांदा दोनदा वाचला, नम्रपणे घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि वर्गात जाऊन मुलांना म्हणाल्या, "चूक वेगळी, फरक वेगळा. चूक झाली तर सांगायची. फरक राह्यला तर समद्या मापांत थोडा थोडा वाटून टाकायचा." हा 'फरक' पुढे आमच्या चहाच्या टेबलावरही आला. कुणी उशिरा आलं, की "चूक न्हाई हो, फरक हाय." मी हे घरी बायकोवर वापरून पाहिलं. तिथे चालत नाही.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे दिशा. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हतेच. डबा खाताना "तुमच्या उत्तरेचं लोणचं सरकवा" असं म्हणत, आणि आम्ही सगळे जेवायचं सोडून खिडकीकडे बघत सूर्य शोधायचो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी त्या एकच वाक्य सांगत: "आधी उत्तर शोधा, प्रश्न मंग." मी हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि थक्क झालो. केवढा विचार! पुढे एका सत्कार समारंभात मी भाषणात ते वाक्य घेतलं. माणूस जन्मभर प्रश्नांच्या मागे धावतो, पण आमच्या सहकारी म्हणतात की उत्तर आधी आपल्यातच असतं, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर मॅडम जवळ येऊन हळू म्हणाल्या, म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "अहो सर, मी होकायंत्राबद्दल बोलत होते. नकाशा काढायचा तर आधी उत्तर दिशा धरावी लागती."

पहिल्या वर्षी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांचे आईबाप तर आमच्याहून गोंधळलेले. रेणुका नावाची एक मुलगी घनसावंगीकडून आली होती, गणितात हुशार. तिचे वडील प्रवेशाच्या दिवशी मॅडमसमोर टोपी हातात घेऊन बसले.

"म्याडम, पोरगी हे शिकल्यावर आमचा बांध मोजंल का? भावानं लई आत घेतलाय."

"मोजंल. पन बराबर मोजंल."

"म्हंजे?"

"म्हंजे भावाची जमीन तुमच्याकडं निघाली, तर तसं बी सांगंल."

वडिलांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग मुलीकडे बघून म्हणाले, "घ्या मंग. दुसऱ्याचाच मोजायला लावू तिला." प्रवेश झाला.

विभाग वाढला कसा, याची अधिकृत कारणं अहवालात असतील. माझ्या मते तो एका गैरसमजामुळे वाढला. बदनापूरच्या पलीकडे एका गावात मॅडमनी मुलांचं शिबिर नेलं. मलाही ओढलं, गावातल्या जागांची नावं नीट लिहून घ्यायला भाषेचा माणूस पाहिजे म्हणून. सकाळी शेताशेतांत तांबडे-पांढरे बांबू उभे राहिले, तिपाईवर यंत्र चढलं, आणि दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की नवा महामार्ग येतोय.

जिल्ह्यात ज्यांच्या जमिनी रस्त्यात गेल्या, त्यांना मोबदला मिळालेला सगळ्यांनी पाहिला होता. फळझाडांचा वेगळा मिळतो, हेही सगळ्यांना पाठ. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर काल जिथे कापूस उपटून काढलेलं मोकळं रान होतं, तिथे मोसंबीची रोपं ओळीत उभी. इतकी जल्दी लावलेली, की काहींच्या मुळाशी रोपवाटिकेच्या पिशव्या तशाच. एकाने रानात पत्र्याचं शेड ठोकलं होतं. दुसरीकडे एक म्हातारबाबा हात जोडून मॅडमच्या वाटेत आले. "बाई, समदं घ्या, पन हिरीला हात लावू नका. बापानं खांदलेली हाय."

मॅडम कासावीस झाल्या. संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "रस्ता येत न्हाई. ही शिकणारी पोरं हायेत. ही नुसती प्रात्यक्षिकं."

मागून आवाज आला, "म्याडम न्हाई म्हनून राह्यल्या, म्हंजे नक्की येऊन राह्यलाय."

त्या जितक्या नाही म्हणत, तितका लोकांचा विश्वास पक्का होत होता. मी मध्ये पडून शुद्ध मराठीत दोन शब्द सांगितले, त्यानंतर तर हे मोठे साहेब असणार असंच ठरलं. मला कुणी तरी चहा आणून दिला आणि बाजूला घेऊन आपल्या रानाचा गट नंबर सांगितला. मी काही बोलू का नको, ते कळेना. चहा मात्र प्यालो.

मग मॅडमनी मुलांचे कालचे नकाशे मागवले आणि लोकांच्या हातात दिले. सगळ्यांवर लाल शाईने रेघोट्या. 'विहीर ओढ्यात गेली आहे.' 'शाळा कुठे?' 'पुन्हा करा.' म्हातारबाबांनी आपली विहीर ओढ्याच्या मधोमध काढलेली पाहिली आणि त्यांना हसूच आवरेना. सरपंचांनी चार कागद उलटेपालटे करून पाहिले आणि निकाल दिला. "सरकारी न्हाईत. सरकारी नकाशात बी चुका आसत्यात, पन तिथं लाल शाईनं कोन दाखवून राह्यलंय?"

लोक हसत हसत पांगले. ज्यांनी मोसंबी लावली होती ते जरा घुश्शात होते, पण रोपं कुणी उपटली नाहीत. आणि पुढच्या जूनमध्ये त्या एका गावातून इतकी मुलं प्रवेशाला आली, की बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. ज्याच्यावरून आपण एवढे फसलो ते शिकावं तरी, असं त्यांना वाटलं असेल. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "मला बी कळत न्हाई सर. पन आलीत ना."

एकदा मात्र मी त्यांना चिडलेलं पाहिलं. नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला एक पाहुणे आले होते. भले गृहस्थ. कौतुकाच्या भरात म्हणाले, "पूर्वी गावाच्या शिवेच्या वादात यांच्याच पूर्वजांची साक्ष शेवटची मानली जायची. तेव्हा मोजणी मॅडमच्या रक्तातच आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मॅडम आभार मानायला उठल्या. म्हणाल्या, "रक्तात असती तर बारावीला गणितात मी दोनदा नापास कशी झाले असते?" लोक हसले. पाहुणेही हसले.

नंतर यंत्रांवर कापड घालताना त्या माझ्याशी बोलल्या, खरोखर हळू आवाजात. "माझा आज्जा शिवेवर उभा राह्यचा, तो हौसेनं न्हाई. हुकूम व्हायचा म्हणून. साक्ष झाली की पुन्हा गावाबाहेर. बाबासाहेबांमागं गेलो तेव्हा आम्ही ते समदं सोडलं. मी उभी राहती, कारण मला आवडतं. दोन्ही एक कसं, सर?" मी कापडाचं दुसरं टोक धरलं. त्यांच्याबद्दल मला जी माया आणि जो आदर आहे, तो त्या दिवसापासून दुप्पट झाला, हे इथे सांगून टाकतो. त्यांना कधी सांगितलं नाही.

खरं संकट आलं ते पहिली तुकडी पदवीधर झाल्यावर. जमीन मोजणाऱ्यांच्या सरकारी भरतीची जाहिरात निघाली. मुलं अर्ज भरायला बसली, आणि संगणकावर शिक्षणाच्या रकान्यात आमची पदवीच नव्हती. बांधकामाची पदविका होती. आयटीआयचा सर्वेअर होता. तीन वर्षं दुसरं काहीही न करता फक्त मोजणी शिकलेल्यांना मोजणीच्या नोकरीला अर्ज करता येत नव्हता. रेणुका मॅडमच्या खोलीत बसून रडत होती, आणि भिंतीच्या अलीकडे मला शिकवणं सुधरेना.

मॅडमनी पदवीला मान्यता मिळवायचं मनावर घेतलं. त्यानंतरची त्यांची वर्षं एस.टी.त आणि कचेऱ्यांच्या बाकांवर गेली. एका ठिकाणी त्यांना विचारलं, "तुमची पदवी आयटीआयपेक्षा जास्त की कमी?" जास्त म्हणाव्यात, तर नोकरीला जास्त शिकलेले नको होते. कमी म्हणाव्यात, तर अपात्र. त्या म्हणाल्या, "बराबरीची धरा." तर बरोबरी ठरवणारी समिती दुसरीकडे होती, आणि ती समिती म्हणत होती की आधी भरती करणाऱ्या खात्याने विचारायला पाहिजे. या सगळ्याचा गुंता त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितला. मी दर वेळी मान हलवली आणि दर वेळी मध्येच कुठे तरी वाट चुकलो. रेणुकाला त्यांनी घरी बसू दिलं नाही. राज्याबाहेर पाठवलं, त्याच विषयात पुढचं शिकायला. वडिलांची समजूत घालायला घनसावंगीला दोनदा जाऊन आल्या.

इकडे विभाग वाढतच होता. ड्रोन आले. पोरं गावठाणांचे नकाशे करायला लागली. वरच्या मजल्यावर नवे वर्ग झाले. पण दर वर्षी पदवीदानाच्या दिवशी मॅडमचा चेहरा उतरलेला असायचा. "मी पोरांना काय देऊन राह्यले, सर? नुसता कागद?" असं एकदा म्हणाल्या.

आणि मग मान्यता आली. अगदी अचानक. मॅडम मुंबईहून बैठक आटोपून, मान्यतेच्या कागदांवर सही करून परतल्या ते पेढे घेऊनच. पुढच्या जाहिरातीत आमच्या पदवीचं नाव असणार होतं. केंद्रात नुसती धांदल. मुलांनी त्यांची टोपी हवेत उडवली, ती छपरावर अडकली. त्या गडबडीत आमच्या संचालकांनी मान्यतेच्या अटी वाचायला घेतल्या आणि हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

मान्यताप्राप्त विषय झाला म्हणजे त्याचे निकष आले. त्यात होतं, की या विषयाच्या अध्यापकाची स्वतःची पदवी याच विषयातली असावी. मगरे मॅडमची पदवी भूगोलातली. ज्या विषयाचं दुकान त्यांनीच मांडलं, त्याची पदवी त्यांच्याकडे असणार कुठून? त्या शिकत होत्या तेव्हा तो विषयच नव्हता. आता तो झाला होता, आणि तो शिकवायला त्या अपात्र होत्या.

मी तावातावाने त्यांच्या खोलीत गेलो. "मॅडम, तुम्ही सही केली, तेव्हा ही अट वाचली होती?"

"वाचल्याशिवाय मी सही करते का?"

"मग?"

"मंग काय? सही न्हाई केली तर पोरं लटकून राहतात." त्या पेढ्याच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. "एक जण बाहेर बसला की तीनशे आत जातात. तुम्हीच सांगा, काय केलं असतं?"

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. नियम वाईट नव्हता. डॉक्टरने डॉक्टरकी शिकवावी, यात गैर काय? आणि तरी हे सरळ सरळ चुकत होतं. मी संचालकांकडे गेलो, विद्यापीठाला पत्र लिहिलं. सगळे हळहळले आणि सगळ्यांनी नियम दाखवला. मॅडमची बदली भूगोलाकडे झाली, त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत. त्यांच्या जागी निवड झाली रेणुकाची. पात्र अशी ती एकटीच होती. नेमणुकीचं पत्र घेऊन ती आधी मॅडमकडे गेली आणि नको म्हणाली. आतून मॅडमचा आवाज थेट माझ्या खोलीपर्यंत आला. त्यातले शब्द मी इथे लिहीत नाही. रेणुका रुजू झाली.

वाटलं, आता हे इथे संपलं. निवृत्तीला मोजकी वर्षं राहिलेली, भूगोलाचे चार तास घ्यावेत, लेकाकडे जावं. पण जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज तपासताना आमचा कारकून धावत माझ्याकडे आला. "सर, एक घोळ झालाय. मगरे मॅडमचा अर्ज पोरांच्या गठ्ठ्यात आलाय."

घोळ नव्हता. त्यांनी रीतसर परवानगी काढून भूमापनाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मागितला होता.

मी जिन्याखाली गेलो. "मॅडम, पदवी हातात येईल तेव्हा निवृत्तीचा हारही गळ्यात येईल. मग उपयोग काय?"

"शिकवता येत न्हाई, तर शिकावं तरी," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आणि सर, मी हे कधी कुणाकडून शिकलेच न्हाई हो. वर्गात बसून शिकायचं राह्यलंच होतं." हे त्या थट्टेत म्हणाल्या की मनापासून, मला सांगता येणार नाही. त्यांना माझ्यापेक्षा बरं ओळखणारेही दोन्ही बाजूंनी बोलतात. कुणी म्हणतं, हा निषेध आहे. कुणी म्हणतं, बाईचं डोकं फिरलं.

पहिल्या दिवशी दुसरा तास माझा होता, मराठीचा. पण मी पहिल्याच तासाला जाऊन दाराशी उभा राहिलो. वर्ग गच्च भरलेला. तिसऱ्या बाकावर, दोन मुलींच्या मध्ये, मगरे मॅडम. समोर नवी वही. पोरींना वाटत होतं कुणाची तरी आई सोबत आली असावी. एकीने त्यांना सरकून जागा दिली.

रेणुका आत आली. तिने वर्गावर नजर फिरवली, ती तिसऱ्या बाकावर अडकली, आणि तिचा हात नकळत नमस्काराला उठला. मॅडमनी मान किंचित आडवी हलवली. रेणुकाने हात खाली घेतला आणि हजेरी सुरू केली. एकेक नाव पुढे जात होतं, पोरं 'हजर' म्हणत होती. 'म'पाशी ती थांबली. खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं, थेट शेवटपर्यंत, आणि पाठ फिरवून फळ्याकडे वळली.

मागे बाक वाजला. मगरे मॅडम उभ्या राहिल्या होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "माझं नाव राह्यलं."